मॅलकीचा दाखला

उन्हाळा आला की आमच्या गावात अमेरिकन माणसं रडायला येतात. चेष्टा नाही करत मी. चर्चशेजारच्या जुन्या शाळेत आमचं जुन्या नोंदींचं दप्तर आहे. तिथे माझ्या टेबलासमोर बसून चांगले धिप्पाड पुरुष हुंदके देतात, कारण त्यांच्या खापरपणजीचा बाप्तिस्मा अठराशे बेचाळीस साली झाल्याची ओळ मी त्यांना काढून दाखवलेली असते. मग विचारतात, तिची कबर कुठे? मी म्हणते, बाबा रे, गरिबाच्या कबरीला दगड कुठला? तरी मुल्व्ही नावाच्या कुणा परक्याच्या दगडाला मिठी मारून फोटो काढतात. काढू देत. मुल्व्हीचं काय जातंय?

वीस वर्षं हेच करतेय. ग्रंथालयातली नोकरी सुटली, लग्न केलं नव्हतं, मग ह्या चर्चच्या वह्या पदरात घेतल्या. कोण कुणाचा चुलता, कुणी वय किती चोरलं, सगळं तोंडपाठ. चोरलं म्हणजे उलटं हं! सत्तरीनंतर पेन्शन मिळणार असं सरकारनं सांगितल्याबरोबर आमचा अख्खा लीट्रिम परगणा एका दमात म्हातारा झाला. दोन खानेसुमारींमध्ये वर्षं दहा, आणि माणसं म्हातारी झाली पंधरा-सोळा वर्षांनी. मी हे सांगितलं की अमेरिकन लोक खो खो हसतात.

तर असे जगाचे पणजोबा शोधले मी, आणि माझा सख्खा भाऊ मला सापडला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तो हा.

मॅलकी गेला पंचावन्न साली. जनावरांच्या बाजारात वडिलांनी त्याला चार लोकांसमोर काठीनं मारलं. एक वासरू पडत्या भावात दिलं म्हणून! एकवीस वर्षांचा घोडा तो. तसाच चिखलाच्या बुटांनी बसमध्ये चढला आणि इंग्लंडला गेला. मी दहा वर्षांची होते. जाताना त्यानं माझ्या हातात त्याची शिट्टी दिली आणि म्हणाला, "विने, कुत्र्याला खायला घाल." बस्स. पत्र नाही, निरोप नाही. दोन वर्षांनी वडील गेले, तेही त्याला कळवता आलं नाही. कळवणार कुठे?

आई मात्र शोधत राहिली. तिच्या डोक्यात इंग्लंड म्हणजे एक गल्ली होती. ऑगस्टमध्ये कुणाचा मुलगा तिकडून सुट्टीला आला की ही डझनभर अंडी घेऊन त्यांच्या दारात हजर. "आमचा मॅलकी दिसला का रे कुठे? उंच आहे, डाव्या भुवईवर खूण आहे." पोरं बिचारी अंडी घ्यायची आणि मान खाली घालायची. त्र्याऐंशी साली ती गेली. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्येही दोन घरी जाऊन आली होती.

आता मला विचाराल, बाई, एवढी दप्तरातली तू, मग शोधलं का नाहीस? शोधलं तर! आमच्यात बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी समास कोरा सोडतात. माणूस पुढे जगात कुठेही चर्चमध्ये लग्न करो, तिथले फादर त्याच्या जन्मगावच्या चर्चला कळवतात, आणि इथे त्याच्या नोंदीच्या समासात ओळ पडते. कुणाशी, कुठे, कधी. अमेरिकनांना मी पहिलं हेच शिकवते, की आधी समास बघा. पण माझ्या हातात होत्या त्या फक्त शंभर वर्षांपलीकडच्या वह्या. अलीकडच्या सगळ्या फादरांच्या घरी लोखंडी कपाटात. जुने फादर म्हणायचे, नियम म्हणजे नियम, विनी, जिवंत माणसांच्या वह्या उघडायच्या नसतात.

शिवाय मला गरजही वाटली नाही, कारण फिलनं सांगितलं होतं.

फिलोमिना, माझी थोरली बहीण. माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. तिचं अक्षर इतकं सुरेख की आमचे म्हातारे कॅनन, म्हणजे तेव्हाचे मोठे फादर, हात थरथरायला लागल्यावर चर्चच्या सगळ्या वह्या तिच्याकडूनच लिहून घ्यायचे. दाखले तीच लिहायची, कॅनन नुसती सही करायचे. आई तिला दर वर्षी विचारायची, "बघितलंस का गं?" आणि फिल म्हणायची, "बघितलं. समास कोरा आहे." पुढे मी विचारलं तेव्हाही हेच. मला वाटायचं, कोरा म्हणजे एकतर मेला, नाहीतर चर्चशी फारकत घेतली. दोन्हीसाठी मी मेणबत्त्या लावल्या.

ह्या वर्षी मार्चमध्ये फादरांच्या घराचं छप्पर गळायला लागलं. आमचे आताचे फादर इमेका नायजेरियाचे. त्यांना आमचे सतराशे साठ नियम ठाऊकही नाहीत आणि पर्वाही नाही. म्हणाले, "विनी, वह्या भिजतायत. बिशपांकडे पाठवायच्यात. तुम्ही जरा यादी करून द्या." आणि किल्ली माझ्या हातात!

रविवारी जेवायला फिलकडे गेले तेव्हा मी हे सांगितलं. फिल आमच्याच घरात राहते, आई-वडिलांच्या. नवरा पॅकी घरजावई म्हणून आला, तो वारून सहा वर्षं झाली. ती बटाटे सोलत होती. हात थांबला.

"तुला दमा आहे," ती म्हणाली. "त्या बुरशीत कशाला मरायला जातेस? दुसरं कुणी नाही का गावात?"

"यादी करायला कोण येणार, तुझा पॅकी?"

"जिभेला हाड नाही तुझ्या," म्हणाली आणि कोबीचं भांडं आपटलं. मला वाटलं, पॅकीचं नाव काढलं म्हणून चिडली.

मंगळवारी चौतीस सालची वही उघडली. मॅलकीची नोंद तिसऱ्या पानावर. आणि समास? कोरा नव्हता. लॅटिनमध्ये एक नीटस ओळ होती. मॅलकी गिलरेनचा आयलीन टॅन्सी हिच्याशी विवाह, कॉव्हेंट्री, ९ सप्टेंबर १९६१.

मी ती ओळ किती वेळा वाचली सांगता येत नाही. भाऊ जगला होता, त्यानं लग्न केलं होतं, म्हणून आधी आनंदच झाला मला. खुळ्यासारखी एकटी हसले. मग अक्षराकडे लक्ष गेलं. आमच्या गिलरेन आडनावातल्या 'जी'ची शेपटी गोल फिरवून वर आणलेली. ती सवय मठातल्या सिस्टरांनी छड्या मारूनही मोडली नव्हती. ते अक्षर फिलचं होतं.

वही तशीच काखेत मारली आणि चालत सुटले. बिशपांची वही होती ती, असू दे. फिलच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडून ठेवली आणि बोट ठेवलं.

तिनं चष्मा लावला नाही. बघितलंही नाही नीट. म्हणाली, "बस. चहा टाकते."

"चहा गेला खड्ड्यात. हे काय आहे?"

"दिसतंय की. वाचता येतं तुला."

"समास कोरा आहे म्हणालीस! आईला म्हणालीस, बावीस वर्षं! ती अंडी घेऊन दारोदार फिरत होती, फिल. भिकारणीसारखी. आणि तुला गाव ठाऊक होतं, तारीख ठाऊक होती!"

"ओरडू नकोस. बहिरी नाही मी."

मग ती बोलली. उभ्यानंच, चुलीकडे तोंड करून. लग्न करायचं तर जन्मगावचा बाप्तिस्म्याचा ताजा दाखला लागतो. तो मागायला ऑगस्टमध्ये मॅलकीचं पत्र आलं, कॅननच्या नावे. फोडलं फिलनं. दाखला पाठवा, अशी विनंती. आणि खाली एक ओळ: घरी सगळे कसे आहेत, कळवलंत तर उपकार होतील.

"मग?"

"मग काय? दाखला लिहिला. कॅननची सही घेतली. पाकिटात घातला."

"आणि?"

"आणि काही नाही. नुसता दाखला."

"बाप मेला, एवढं तरी लिहायचंस! त्या बापाला भिऊन तो घरी येत नव्हता!"

तेव्हा ती वळली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, पण डोळे असे की मी एक पाऊल मागे गेले.

"काय लिहायचं? ये म्हणून? तो आला असता, बायको घेऊन, आणि मी कुठे गेले असते? पॅकी सात वर्षं थांबला होता माझ्यासाठी. जमीन माझ्या नावावर करायला आई सही करेना. जमीन मॅलकीची, म्हणायची. सहा वर्षं गायी कुणी पिळल्या? मी. वडिलांना अंथरुणात कुणी वळवलं? मी. तो बसमध्ये बसून मोकळा झाला, आणि जमीन मात्र त्याची! आणि तू गं? तू मठाच्या शाळेत रिबिनी लावून फ्रेंच शिकत होतीस. कुणाच्या जिवावर? माझ्या गायींच्या दुधावर शिकलीस तू, विने. आज अक्कल शिकवायला आलीस!"

मला एकच आठवत होतं. पुढच्या वसंतात आईनं सही केली, तेव्हा मी घरी होते. 'मेलेल्यासाठी जमीन राखून ठेवतेस का?' असं फिल आईला म्हणाली होती. आई किती रडली. आणि हिला ठाऊक होतं, की तो कॉव्हेंट्रीत संसार करतोय.

"नीच आहेस तू," मी म्हणाले, वही उचलली आणि निघाले. एवढंच जमलं.

त्याच दिवशी कॉव्हेंट्रीच्या चर्चला लिहिलं. मनात हिशेब केला, मॅलकी आता पंचाहत्तरीचा असेल. म्हणजे काय फार नाही. आमच्याकडे नव्वदीची माणसं सायकल चालवतात. मी पलंगावरची चादर बदलली. त्याची शिट्टी डब्यातून काढून पुसून ठेवली. येईल, निदान फोनवर तरी बोलेल, 'विने' म्हणेल. अशी हरखून गेले होते मी, चौसष्टाव्या वर्षी.

तीन आठवड्यांनी जाड पाकीट आलं. खाली सही 'डिलिया'. माझ्या आईचं नाव.  मॅलकीनं मुलीला आईचं नाव दिलं होतं. तिनं लिहिलं होतं की बाबा तीन वर्षांपूर्वी गेले. मोटारींच्या कारखान्यात होते. माणूस शांत होता, गावाबद्दल कधी बोलायचे नाहीत. एकदा तिनं फारच विचारलं तेव्हा म्हणाले, 'मी चौकशी केली होती, पोरी. त्यांनी उत्तर दिलं नाही.'

सोबत तिनं तो दाखला पाठवला होता. लग्न झाल्यावर बाबांनी तो तिथल्या फादरांकडून परत मागून घेतला होता, कारण त्यावर त्यांच्या बहिणीचं अक्षर होतं. दर नाताळला खिडकीत मेणबत्ती लावली की बाबा तो बाहेर काढायचे. पुढून वाचायचे, मग उलटा करून मागची बाजू बघायचे. मागे तर काहीच नाही. शेवटी तिनं विचारलं होतं, 'ते काय बघायचे हे आम्हाला कधी कळलं नाही, आत्या, तुम्हाला ठाऊक आहे का?'

अशी मुलगी, आणि मला आत्या म्हणणारी. मी पायरीवरच बसले आणि त्या अमेरिकनांसारखी हुंदके देऊन रडले.

तीन आठवडे फिलचं तोंड बघितलं नव्हतं. त्या संध्याकाळी गेले. ती एकटीच जेवत होती, ब्रेड आणि उकडलेलं अंडं. मी ताटाशेजारी दाखला ठेवला. घड्या पडून चार ठिकाणी चिरलेला.

ह्या वेळी तिनं चष्मा लावला. नाव वाचलं, तारीख वाचली. स्वतःच्या अक्षरावरून बोट फिरवलं.

"गेला?" तिनं विचारलं.

"तीन वर्षं झाली."

 मग तिनं तो कागद हळूच उलटा केला आणि मागची बाजू बघत राहिली. कोरी. बराच वेळ बघितली, जसं काही आपण तिथे लिहिलेलं तिला सापडणार होतं.

"लिहिणार होते गं," ती म्हणाली. आवाज एवढासा झाला होता. "खरंच लिहिणार होते दोन ओळी. वडील गेल्याचं तरी. पण पोस्टमन दाराशी येऊन उभा राहिला. टपाल पाचला निघायचं."

मी दाखला तिच्या हातातून काढून घेतला. घडी घातली, पाकिटात ठेवला.

"दुसऱ्या दिवशीही पाचलाच निघत होतं, फिल," मी म्हणाले. "आणि तिसऱ्याही."