दार उघडत नाही

खेळाची जाहिरात चौकात अजून तशीच आहे. बंदूक रोखलेला एक रुंद खांद्यांचा माणूस, त्याच्यामागे पेटलेला राजवाडा आणि खाली मोठ्या अक्षरांत 'लवकरच'. हे 'लवकरच' गेले चार महिने उन्हात विटतंय. ओळखीचे लोक मला विचारतात, कुठे अडलंय? मी सांगते, एका दारापाशी. त्यांना वाटतं मी थट्टा करतेय.

मी संगणकावरच्या खेळांमधल्या भिंती बनवते. माणसं, बंदुका, स्फोट हे सगळं दुसऱ्यांकडे. माझ्याकडे पोपडे, ओल, भेगा, खिळ्यांची भोकं. ऑफिसात मला 'गवंडी' म्हणतात. हा खेळ हुकूमशहाला उलथून टाकण्याचा. खेळणाऱ्याला समोर फक्त आपल्या बंदुकीची नळी दिसते, आणि तो एकटा चारेकशे माणसं आडवी करत राजवाड्यापर्यंत पोचतो. की झाला देश मोकळा! आमच्या कंपनीचा प्रमुख, ज्याला सगळे कप्तान म्हणतात, याला 'क्रांतीचा थेट अनुभव' म्हणतो. कप्तानाचा जन्म क्रांतीनंतरचा.

मीही तेव्हा चार वर्षांचीच होते. पण माझ्या आईच्या उजव्या हाताची तीन बोटं वाकत नाहीत. ती ब्लाउजचं एकेक बटण लावताना तो काळ मला रोज सकाळी दिसतो.

आई पाट्या रंगवायची. दुकानांच्या, शाळांच्या, आणि मग सरकारी. त्या वेळी आमच्याकडे तहहयात अध्यक्ष होते. घरोघरी त्यांना नुसतं 'तहहयात' म्हणत. (पुढे ते हयात असतानाच गेले, विमानानं, सतरा पेट्या घेऊन.) त्यांच्या प्रत्येक घोषणेत 'आम्ही' असायचं. आम्ही ठरवलं आहे. आम्ही जागे आहोत. आई म्हणते, 'आम्ही' रंगवून रंगवून मनगट इतकं सरावलं होतं की पीठ मळतानाही तो म्ह बोटांतून निघायचा.

एके दिवशी तिला धान्याच्या कोठाराची भिंत मिळाली. मजकूर होता, 'आम्ही पाहत आहोत'. सकाळचे अकरा, भर रहदारी, सरकारी शिडी, सरकारी निळा रंग, खिशात शिक्क्याचा परवाना. आईनं नेहमीसारखी आधी एका दमात शिरोरेषा ओढली आणि मग तिला अक्षरं लटकवली. 'आपण पाहत आहोत.' शिडी सांभाळणारा शिपाई खाली विडी ओढत होता. त्यानं वर पाहिलंसुद्धा नाही.

बाजारातल्या लोकांनी मात्र पाहिलं. एवढा एकच शब्द बदलला होता, पण आठवडाभरात कोळशानं, खडूनं, नखानं तो सगळीकडे उमटला. पाण्याच्या टाकीवर, पोस्टाच्या पेटीवर, लष्करी गाडीच्या धुळीवर. नुसतंच 'आपण'. पुढे अडीच वर्षांनी गिरण्या, टपाल, बंदर सगळं एका दिवशी थांबलं. त्या दिवशीही लोकांच्या हातातल्या कागदांवर हाच शब्द होता. आईची बोटं मात्र तेव्हा कधीच मोडून झाली होती. ती तो शब्द लिहिला म्हणून मोडली, असं मी शाळेपासून सगळ्यांना सांगत आले.

म्हणून खेळात भिंत करायची वेळ आली तेव्हा मी आईला म्हटलं, एकदा लिहून दे. तिनं तीस वर्षांत ब्रश धरला नव्हता. दोन दिवस ती नाही म्हणाली. तिसऱ्या दिवशी जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून, गुडघे मुडपून, डाव्या हातानं तिनं 'आपण' लिहिलं. शिरोरेषा थरथरली. ती म्हणाली, "पुन्हा करते." मी म्हटलं, "अजिबात नाही." ती थरथर तशीच्या तशी मी भिंतीत उतरवली. आयुष्यात इतकी चांगली भिंत मी केली नव्हती. मी ती कप्तानाच्या हवाली केली आणि पुढच्या कामाला लागले.

दोन महिन्यांनी ऑफिसात 'घरच्यांचा दिवस' ठरला. कधीच खेळ न खेळलेल्या माणसांकडून तपासणी करून घ्यायची, म्हणजे नवख्याला कुठे अडतं ते कळतं. मी आईला घेऊन गेले. तिनं इस्त्रीची साडी नेसली होती. तिला तिची भिंत बघायची होती.

एका ओळीत आठ खुर्च्या, आठ पडदे. आईनं कानांवर हेडफोन चढवला, डाव्या अंगठ्यानं चालायला शिकली, आणि कोठाराचं अंगण पार करून भिंतीसमोर येऊन उभी राहिली. मी तिच्या खांद्यावरून वाकून पाहिलं आणि माझं डोकं फिरलं.

माझ्या भिंतीवर, आईच्या अक्षरांवर, एकेक लाल वर्तुळ काढलेलं होतं. आ वर एक, प वर एक, ण वर एक. खेळाचा पहिला धडा: नेम धरायला शिका. तीन अक्षरं उडवली की शेजारचं लोखंडी दार उघडतं आणि क्रांती सुरू होते. मी भिंत दिली होती आणि त्यांनी तिची चांदमारी केली होती! शेजारच्या पडद्यावर कुणाचे तरी आजोबा धडाधड गोळ्या घालत होते. प चा पोपडा उडाला, ण कोसळला, आणि आतून आवाज आला, "शाब्बास, क्रांतिवीरा!" आजोबा खूश.

आणि मी काय केलं? लाज वाटते सांगायला. आजूबाजूला सगळं ऑफिस उभं होतं, आईचं दार तेवढं बंद होतं, आणि मला ओशाळल्यासारखं झालं. मी तिच्या कानाशी म्हटलं, "आई, दाब ना ते बटण. नुसती गोळी तर झाडायचीय."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा पडद्याकडे. ती दारापाशी गेली, दार ढकललं, परत भिंतीपाशी आली. हेडफोनमधला आवाज दर अर्ध्या मिनिटाला ओरडत होता, "नेम धर! गोळी झाड!" मला बाहेरूनही ऐकू येत होता. वीस मिनिटं झाली. तपासणीवाली मुलगी नम्रपणे वाकली. "आजी, काही अडलंय का?"

"मला नाही अडलेलं," आई म्हणाली. "दाराला अडलंय."

मग नोंदीचा कागद आला. आईनं डाव्या हातानं, पाटीसारख्या ठसठशीत अक्षरांत भरला. अडचण: दार उघडत नाही. पुढे जाता येतं का: नाही. उपाय सुचवा: उघडा.

'पुढे जाता येत नाही' म्हटलं की आमच्याकडे ती लाल नोंद होते. लाल नोंद शिल्लक असेल तर खेळ बाजारात जात नाही, आणि ज्यानं ती केली त्यानंच 'अडचण दूर झाली' म्हणून सही केल्याशिवाय मिटत नाही. हा नियम कप्तानाचाच. मागच्या खेळाच्या वेळी वरिष्ठांनी परस्पर नोंदी मिटवल्या आणि कंपनीची जगभर शोभा झाली, तेव्हा त्यानं तो मोठ्या दिमाखात चौकटीत लावला होता. विक्री करणारी कंपनी तर सह्यांचे कागद बघितल्याशिवाय खेळाला हातही लावत नाही.

मी त्याच दिवशी कप्तानाच्या खोलीत गेले. म्हटलं, "त्या अक्षरांवर गोळ्या घालायच्या हे कुणाला सुचलं?"

"अगं, भावना समजतात मला," तो म्हणाला. "पण उलट हा मान आहे. पहिल्याच दृश्यात अक्षरं आहेत. आता नुसतं लिहून कुठे क्रांती होते? खेळणाऱ्याच्या हातात काहीतरी द्यायला नको?"

"ब्रश द्या."

तो मनापासून हसला. "ब्रशनं कोण कुणाला मारणार?"

मी म्हटलं, "कुणीच नाही. तेच तर सांगतेय." पण तोवर तो फोनवर बोलायला लागला होता. नऊ दिवसांवर खेळ आला होता आणि बाकीच्या सगळ्या नोंदी मिटल्या होत्या.

रविवारी सकाळी तो घरी आला. हातात फुलांचा गुच्छ आणि पारदर्शक पाकिटात तो एक कागद. आई शेंगा सोलत बसली होती. त्यानं चपला दाराबाहेर काढल्या, आईच्या पाया पडला, अगदी घरचाच होऊन बसला.

"काकू, एक छोटीशी सही हवीय."

"दार उघडलं का?"

"गोळी झाडली की उघडतं ना, काकू."

"म्हणजे नाही उघडलं," आई म्हणाली आणि पुढची शेंग घेतली.

त्यानं समजावून पाहिलं. भिंत खोटी आहे. अक्षरं म्हणजे नुसते ठिपके. पुन्हा खेळ सुरू केला की जशीच्या तशी परत येतात. दीडशे माणसांची तीन वर्षांची मेहनत अडकलीय. शेवटी तो पुढे सरकून म्हणाला, "काकू, आपण काही परके आहोत का? आपण सगळे एकाच बाजूचे."

आईच्या हातातली शेंग थांबली.

"तहहयात 'आम्ही' म्हणायचे," ती म्हणाली. "निदान खरं बोलायचे."

कप्तान गोरामोरा झाला. मला हसू येणार होतं, पण आईचा चेहरा हसण्यासारखा नव्हता. तिनं ताट बाजूला केलं आणि माझ्याकडे बघून बोलायला लागली. त्याच्याकडे नाही.

"लिहिल्याबद्दल बोटं नाही मोडली गं. तू सगळ्यांना सांगतेस, मी गप्प बसते. लिहिल्याबद्दल चार दिवस कोठडी. पाचव्या दिवशी मला परत त्या भिंतीपाशी नेलं. चुन्याची बादली ठेवली होती, कुंचा ठेवला होता. सगळा बाजार जमवला होता. म्हणाले, तुझ्या हातानं पूस आणि घरी जा. काही करणार नाही तुला. तुझे बाबा समोरच उभे होते, तू त्यांच्या कडेवर. ते डोळ्यांनी खुणावत होते, पूस म्हणून. पूस, पूस. नुसता चुना तर फिरवायचा होता. मी कुंचा खाली ठेवला. मग बोटं."

माझ्या कानात माझंच वाक्य वाजत होतं. नुसती गोळी तर झाडायचीय. बाबांना निदान तिच्या जिवाची भीती होती. मला कसली होती? ऑफिसातले चार लोक बघतायत, याची!

कप्तानानं खाकरून कागद पाकिटातून काढला. वाटलं, आता उठेल, निदान माफी मागेल. तर त्यानं तो कागद माझ्यापुढे धरला.

"त्यांना नको त्रास. त्यांच्या नावानं तू कर सही, घरचीच आहेस. मी सांभाळून घेतो." पेनाचं टोपण त्यानं स्वतःच काढून दिलं. "आणि नाही केलीस तर उद्यापासून भिंती दुसरं कुणीतरी करेल. हे मी रागानं नाही म्हणत."

बारा वर्षं मी त्या खुर्चीत काढली आहेत. दुसरं कुठलं काम मला येत नाही, आणि भिंत मला कुणाहीपेक्षा चांगली येते. मी पेन हातात घेतलं, हे कबूल करते. आई माझ्याकडे बघत होती, पण तिनं ना मान हलवली, ना डोळ्यांनी खुणावलं. खुणावण्याचा काय जाच असतो ते तिला माहीत होतं. ती नुसती बघत होती.

मी पेनाला टोपण लावलं आणि ते कप्तानाच्या खिशाला अडकवलं. गुच्छ उचलून त्याच्या हातात दिला. मग जाऊन दाराची कडी काढली आणि दार भिंतीला टेकेपर्यंत सताड उघडलं.

"बघा," मी म्हटलं. "आमचं उघडतं. गोळी न झाडता."