कोरडी पंगत

दिवाकररावांच्या खळ्यावर धानाची मळणी आटोपली, अंगावरचा कोंडा झटकत आम्ही बाया जेवायला त्यांच्या घरात शिरलो, तर आत सासूसुनेची जुंपलेली. सून निवेदिताच्या हातात तुपाची वाटी होती आणि सासू वनमाला ती ओढून घेत होती.

"पंगतीत तूप नाही येनार म्हंजे नाही येनार!"

"सगळ्यायले वाढा म्हनून कुठं म्हनून राहिली मी, आई? फक्त मंजिरीच्या भातावर धार घालते."

"एकाले तूप अन् बाकीच्यायले कोरडं? या घरात कधी पंक्तिभेद झाला नाही. पाप लागते, पाप!"

त्या पापाचं नाव ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मी पडले शेजारीण. दुसऱ्याच्या घरात बोलू नये हे मला कळतं, पण माझ्या तोंडाला कळत नाही.

झालं होतं असं, की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, दिवाकररावांच्या छातीत कळ आली. मुलगा गौतम बीरगावच्या कारखान्यात असतो. त्यानं धावपळ करून रायपूरला दवाखान्यात घातलं, माणूस वाचला. डॉक्टर म्हणाला, "तेल-घी, मलाई, तला हुआ, सब बंद." चुकीचं नव्हताच बोलला. पण घरी आल्यावर दिवाकररावांनी फर्मान काढलं, "मी कोरडं गिळीन अन् माह्या बाजूले बसून कोनी तूप खाईन, हे नाही चालनार." वनमालेनं मान डोलावली. नवरा खात नाही ते बायकोनं खाऊ नये, आजोबा खात नाहीत ते नातीनं खाऊ नये. घरातलं लोणी गेलं, तूप गेलं. पहाटे धारा काढल्या की दूध सगळंच्या सगळं डेअरीच्या कॅनमध्ये. मागं उरेल त्यात पाणी घालून चहा, आणि तेच पाणचट दूध लेकराला.

दारात तीन म्हशी, बरं का! डेअरीवाला दुधाचा फॅट मोजतो तेव्हा हेच दिवाकरराव मिशीला पीळ देऊन आमच्या पाऱ्याला, म्हणजे सगळ्या आळीला, सांगतात, "अख्ख्या पाऱ्यात आपल्याच म्हशीचा फॅट वर!" बाहेर विकताना फॅट म्हणजे अमृत आणि घरच्या पोरीला फॅट म्हणजे विष. ह्या अकलेला काय म्हणावं, तुम्हीच सांगा.

मंजिरी अजून तीन वर्षांची नाही. पोळ्याला लाकडी बैल ओढत पारा डोक्यावर घेतलेली पोर, ती आता दाराच्या चौकटीला टेकून बसून राहायला लागली. अंगणवाडीच्या कलावतीदीदीनं तिला काट्याला टांगलं, तर पोरगी वाढायची सोडून घटलेली. कलावती गावचीच, छत्तीसगढी बाई. चार बायांसमोर ती कडाडली, "घर म तीन ठन भइंसी हे, अउ लइका सुखावत हे?" घरात तीन म्हशी आणि लेकरू सुकतंय! निवेदिताला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

पण ती रडत बसणाऱ्यातली नाही. सासऱ्याला तपासणीला न्यायचं होतं, त्या दिवशी तिनं पोरीलाही सोबत घेतलं आणि त्याच डॉक्टरला विचारलं. तो तिच्यावरच चिडला. "मैंने इनका घी बंद किया था, बच्ची का किसने किया? बढ़ता शरीर है. दूध, मलाई, घी, इसको सब दो." दिवाकरराव शेजारच्या खुर्चीत बसून हे ऐकत होते. गावात पाय ठेवला तेव्हा मात्र त्यांना त्यातलं काहीच आठवेना.

तेव्हा निवेदितानं कॅन भरायच्या आधी रोज तांब्याभर दूध बाजूला काढलं, साय साठवली, लोणी काढलं आणि तूप कढवलं. ती ही वाटी. सासूच्या हातून तिनं ती सोडवून घेतली आणि पानं मांडली.

पंगत बसली. दिवाकरराव पाटावर, शेजारी मंजिरी. निवेदितानं पोरीच्या ऊन भातावर तूप सोडलं आणि घरभर वास सुटला. पोरीनं घास उचलला, तेवढ्यात आजोबांनी तिचं ताट खसकन ओढलं.

"मले जित्तेपनी मारायले निघाली काय वं तू? माह्याच बाजूले तूप?"

मंजिरी रडलीसुद्धा नाही. रडायला अंगात जोर लागतो. बोटांना लागलेलं तूप ती मुकाट्यानं चाटत राहिली. ते पाहिलं आणि माझं डोकं फिरलं.

"दिवाकरभाऊ," मी म्हटलं, "काल अभनपूरच्या बाजारात कढईपाशी कोन उभं होतं?"

"कोनती कढई?"

"भज्यायची. मी समोरच वांगे विकून राहिली होती. तुमी मले नाही पाह्यलं, मी तुमाले पाह्यलं. एक दोना संपवला, मंग दुसरा मांगतला, तेबी पाह्यलं."

दिवाकरराव पाण्याचा पेला शोधायला लागले. "तोंडाले चव नव्हती... म्हनून जरासे..."

वनमाला भाताचं पातेलं तसंच खाली ठेवून उभी राहिली. मला वाटलं, आता ही माझ्यावर घसरते. पण ती नवऱ्याकडे पाहत होती.

"तुमच्या तोंडाले चव नव्हती. अन् माह्या तोंडाले होती काय? पोळ्यापासून कोरडा भात गिळून राहिली मी तुमच्यासंगं. नातीच्या तोंडातला घास काढला म्या! तिच्या फासोळ्या दिसत होत्या मले, तरी म्हटलं, नवऱ्याचं मन मोडू नाही. अन् तुमी भजे खाऊन राहिले?"

तिनं त्यांच्या समोरचं ताट उचललं आणि बाहेर ओसरीवर नेऊन आदळलं.

"उठा."

"मले भरल्या पंगतीतून उठवते तू?"

"हव, उठवते. लागू द्या मले पाप."

दिवाकरराव उठले. बाहेर थंडी पडायला लागली होती, तरी ते उपरणं न घेताच जाऊन बसले. वनमाला त्यांच्या पाटावर बसली, तिनं नातीला मांडीवर घेतलं, भात पुन्हा तुपात कालवला आणि एकेक घास भरवायला लागली. निवेदिता तिच्याही पानात तूप वाढायला वाकली, तर म्हणाली, "थांब. पह्यले हिचं पोट भरू दे."

ओसरीवरून आवाज आला, "या डाळीत मीठ नाही!"

"डॉक्टरनं तेबी कमी सांगतलं हाय," वनमाला मान न वळवता म्हणाली. "खा चूपचाप."