न प्यायलेला कहवा

तू पाहुणा चोरलास.

उंट चोरला असतास तर कोणी काही म्हटलं नसतं. उंट आम्हीही चोरतो आणि वर त्याची गाणी रचून लग्नात गातो. पण शेकोटीपाशी बसलेला, हातात पेला धरलेला पाहुणा परक्याच्या तंबूतून उचलून नेणारा माणूस या वाळवंटात तुझ्याआधी जन्मला नव्हता. तुझं नाव इथे घेत नाही. शहराचा वाली, म्हणजे सुभेदार आहेस, एवढी ओळख पुरे. नाव घ्यावं इतकं तोंड उजळ राहिलेलं नाही तुझं.

काय झालं ते तुला माहीत आहे. इतरांना माहीत व्हावं म्हणून हे सांगणं.

बनी रुमैह टोळीत मुझनाचा तंबू सगळ्यांत मोठा नव्हता, पण तिथला कहवा, म्हणजे वाळवंटातली कडू कॉफी, सगळ्यांत कडक होता. तिचा मुलगा सत्ताम वर्षाचे बरेच महिने उंट घेऊन दक्षिणेला चरायला जाई, तरी सगळे तिला सत्तामची आईच म्हणत. खरं तर कहवा पुरुषांनी करायचा अशी रीत. नवरा वारला तेव्हा टोळीने ठरवलं, खलबत्ता तिच्या भावाला, मुतलकला द्यायचा. न्यायला आले तर ही बाई खलबत्त्यावर बसलेली. दुपारी बसलेली, संध्याकाळीही बसलेली. शेवटी म्हातारे म्हणाले, राहू दे, नाहीतर आपल्याला आज कहवाच मिळायचा नाही. तेव्हापासून तो तिचा.

आणि खलबत्ता वाजवावा तर तिनेच. काठावर टक, टक, मग आत धप्प. तो आवाज म्हणजे बोलावणं. ज्याच्या कानावर पडला त्याने यावं. मित्राने यावं, वाटसरूने यावं, वैऱ्यानेही यावं. शेकोटी विझेपर्यंत वैर बाहेर उंटापाशी बांधून ठेवायचं.

तर एका सकाळी मुझना दाणे कुटत होती आणि टेकडीवरून धुळीची वावटळ खाली उतरली. वावटळी रोजच्याच. पण ही तंबूच्या दारापाशी येऊन थांबली, खाकरली आणि म्हणाली, "सलाम आलैकुम."

तंबूत बसलेले पुरुष कनातीखालून सरपटत बाहेर पडले. मुतलक तेवढा राहिला, पण धान्याच्या पोत्यामागे.

"मुझने, जिन्न आहे हा! पाय बघ त्याचे, उलटे आहेत!"

"पाहुण्याचे पाय बघतात का कोणी?" मुझनाने मानही वर केली नाही. मग वावटळीला म्हणाली, "आलैकुम सलाम. खलबत्ता ऐकून आलास?"

"हो. चुकलं का काही, खाला?"

"चुकलं. उशीर केलास. पहिली किटली संपली. बस आता."

धूळ खाली बसली आणि आत खजुराच्या झाडाएवढा एक जण दिसू लागला. निळसर, कानांतून, डोळ्यांतून धूर निघणारा, आणि अतिशय ओशाळलेला.

"बसू म्हणजे... काय बांधू?" त्याने विचारलं. "महाल? तट? घाट?"

"बसायचं म्हणजे बसायचं. ढुंगण टेकायचं. शिकवू का?"

त्याने स्वतःची घोंगडीसारखी घडी घातली आणि पाहुण्याच्या जागी बसला. तरी डोकं छताला टेकत होतंच. नाव हबहूब. मुझनाने रीतीप्रमाणे पहिला घोट स्वतः घेतला आणि मग त्याचा पेला भरला.

आता आमच्याकडे पाहुण्याने रिकामा पेला हलवला की पुरे. हलवला नाही तर घरचा माणूस ओततच राहतो. ही गोष्ट दूध पिणाऱ्या पोरालाही ठाऊक. हबहूबला कोण सांगणार? मुझना ओतत राहिली. तो पीत राहिला. तिला वाटलं, काय खानदानी पाहुणा आहे. त्याला वाटलं, नाही म्हटलं तर बाईचा अपमान होईल. किटल्यांमागून किटल्या गेल्या. त्याच्या शिंगांतून वेलदोड्याची वाफ येऊ लागली, गुडघे आपोआप उडू लागले, आणि बोलणं असं सुसाट सुटलं की शब्दाला शब्द धडकायला लागले.

"अरे बाबा, पेला हलव!" पोत्यामागून मुतलक कळवळून ओरडला. "हलव, नाहीतर ती तुला मारून टाकील!"

हबहूबने हलवला. पण नुसता पेला हलवणं त्याला कुठलं जमायला, तो अख्खा हलला. तंबूच्या मेखा उपटल्या, कनात उडाली, आणि टोळीच्या बकऱ्या पुढच्या वाडीत सापडल्या.

तंबू पुन्हा उभा राहिल्यावर तो हात जोडून म्हणाला, "खाला, आता हुकूम करा. मागाल ते करतो. रीत आहे आमची."

"तू मला समजतोस तरी कोण?" मुझनाचा आवाज चढला. "माझ्या शेकोटीपाशी बसलास, माझा कहवा प्यायलास, आणि मी तुला कामाला लावू? उद्या पाण्यावर बायका काय बोलतील? सत्तामची आई पाहुण्यांकडून विहिरी खणून घेते!"

"विहीर मात्र खरंच एक हवी होती गं," मुतलक हळूच म्हणाला. "लांब पडतं पाणी. गोडही नाही."

"मुतलक!"

"मी आपलं म्हटलं."

तेव्हा हबहूब रडला. त्याची आसवं राखेत पडून चर्र वाजत होती. सुलैमान नबींच्या काळी त्याने दगड वाहिले होते. पुढे एका खलाशाच्या हाती लागला, त्याने जहाज ओढायला लावलं. मग एक न्हावी भेटला, त्याने हयातभर पाणी तापवून घेतलं. ऊठ म्हणणारे पुष्कळ भेटले. बस म्हणणारं कोणी भेटलं नव्हतं.

तो राहिला. पाहुण्याला जितके दिवस हक्काचे, तितके. पेला हलवायला शिकला, करंगळीने, हलकेच. सकाळी खलबत्ता वाजला की टेकडीमागून पोरांना खांद्यावर घेऊन यायचा, आणि मुतलकला पूर्वीच्या राजांच्या अशा खाजगी गोष्टी सांगायचा की मुतलक हसून हसून खोकायचा.

ही बातमी शहरात गेली. आणि तू, जो आपल्या महालावर सगळ्या मुलखातून दिसेल असा घुमट चढवत होतास आणि ज्याचे गवंडी उन्हाने भोवळ येऊन पडत होते, त्या तू कान टवकारलेस. तू मांत्रिक बुरहानला पाठवलंस.

बुरहान वाटसरू म्हणून आला. मुझनाने त्याला खजूर दिले, तूप दिलं, भाकर दिली. त्याने मीठ खाल्लं. कहवा प्यायला, पेला हलवला, रीतीत कुठे काही कमी नाही. समोर हबहूब आपल्या पेल्यावर वाकून पहिला वास घेत होता. डोळे मिटलेले. बुरहानने बाहीतून तांब्याची सुरई काढली, जिन्नांना बांधून टाकणारी सुलैमानी मोहर दाखवली, दोन शब्द पुटपुटला. सूं असा आवाज झाला आणि पाहुण्याची जागा रिकामी झाली. पेल्यासकट नेलं. टेकडीआड तुझे घोडेस्वार उभेच होते.

मुझना ओरडली नाही. तिने उठून शेकोटीवर पाणी ओतलं आणि खलबत्ता पालथा घातला. ज्या घरचा पाहुणा घरातून पळवला जातो त्या घरात कहवा होत नाही, पाहुणा परत येईपर्यंत. सकाळ झाली आणि रानात टक टक धप्प ऐकू आलं नाही. उंटसुद्धा माना वर करून बघत राहिले.

"माणूस असता तर मी तलवार काढली असती," मुतलक म्हणाला. "पण जिन्नच होता ना तो. कोणी नावं ठेवणार नाही आपल्याला."

"मी पेला भरताना विचारलं होतं का, तू माणूस आहेस की जिन्न?"

"नाही."

"मग आता कशाला विचारू? उंटावर खोगीर घाल."

"वालीसमोर जाणार? मुझने, लोक हसतील. म्हातारी जिन्न मागायला आली म्हणतील."

"हसू देत. माझ्या दारावरून मान खाली घालून जाण्यापेक्षा बरं. येतोस की तुझ्या बायकोला पाठवतोस?"

मुतलक आला. वाटभर कुरकुरला, पण आला.

शहर दिसायच्या आधी तुझा घुमट दिसला. त्याच्या पाठीवर हबहूब दगड चढवत होता. एका हाताने. दुसरी मूठ मिटलेली. त्या मुठीत मुझनाचा पेला होता, तिने ओतलेल्या कहव्यासकट. टाक म्हणून कोणी सांगितलं नव्हतं, आणि थेंबही त्याने सांडू दिला नव्हता.

तुझा दरबार सगळ्यांना खुला असतो, याचा तुला अभिमान. येईल त्याला कहवा मिळतो, याचा तर फारच. मुझना आत आली तेव्हा तू गादीवर होतास. हबहूबला पुन्हा कोंबलेली सुरई लोडापाशी होती आणि बुरहान तुझ्या कानापाशी. तिने सलाम केला, गालिच्यावर बसली. तुझ्या माणसाने तिला पेला भरून दिला.

तिने तो घेतला आणि ओठाला न लावता समोर ठेवला.

दिवाणखान्यातल्या माना तिकडे वळल्या. तिथे अर्धे लोक वाळवंटातले. म्हातारे शेख, पहारेकरी, उंटवाले. पाहुणा पेला खाली ठेवतो तेव्हा त्याचं मागणं असतं. घरच्याने ते विचारायचं असतं, ऐकायचं असतं, आणि मग म्हणायचं असतं की प्या, काम झालं. एकदा म्हटलं की झालं. त्यातून माघार नाही, वालीला नाही आणि सुलतानालाही नाही.

तू लहानपणी आजोबांच्या मांडीवर बसून ते वाक्य हजारदा ऐकलेलं. घाई होती तुला, घुमटाकडे जायचं होतं. हसत म्हणालास, "प्या बाई, प्या. झालं समजा तुमचं काम."

मागणं न ऐकताच!

ओतणाऱ्याच्या हातातली किटली तशीच अधांतरी राहिली. मुझना सावकाश मागे वळली.

"ऐकलंत ना सगळ्यांनी?"

"ऐकलं, सत्तामच्या आई," दारापाशी बसलेला एक दात नसलेला शेख म्हणाला. "माझे कान गेलेत, तरी ऐकलं."

"मग माझा पाहुणा दे," ती तुला म्हणाली. "आणि माझा पेला दे. पेला सासूबाईंचा आहे."

तुझा चेहरा बघण्यासारखा झाला होता. बुरहानने कानात काही सांगितलं आणि तू ताठ बसलास.

"बाई, जिन्नाला कसला पाहुणचार? तो आगीतून झालेला."

"आग माझ्या शेकोटीतही असते. कहवा तिच्यावरच होतो."

"माझा घुमट अर्धा राहिलाय."

"माझं नाक पुरतं गेलंय."

कोणीतरी फिस्सकन हसलं. तू तिकडे डोळे वटारलेस, मग आवाज मऊ केलास. मऊ आवाज तुला छान जमतो. "हे बघा, सोन्याचा पेला देतो. आणि ऐकलंय, तुमच्याकडे पाणी लांब आहे. विहीर खणून देतो, तंबूच्या दारात, गोड पाण्याची. याच जिन्नाकडून, आज संध्याकाळच्या आत."

मुझनाने भावाकडे बघितलं नाही. तिला बघवलं नाही. किती वर्षं तो ते मचूळ पाणी वाहत होता ते तिला ठाऊक होतं.

मुतलकच्या हातातही तुझ्याकडचा पेला होता. प्रवासाने घसा कोरडा, पेला ओठापर्यंत आलेला. त्याने तो खाली आणला आणि बहिणीच्या पेल्याशेजारी ठेवला.

"विहीर नको," तो म्हणाला. "आमचं पाणी खारट आहे, पण आम्ही ते पाहुण्याला विकून आणलेलं नाही."

त्या क्षणी मुझना इतकी ताठ बसली की तुझ्या लोडांची उंची कमी वाटली.

दात नसलेल्या शेखाने पेला खाली ठेवला. मग त्याच्या शेजारच्याने. मग उंटवाल्यांनी. दारावरच्या पहारेकऱ्याने भाला काखेत धरून वाकून ठेवला. बुरहान ओरडला, "उचला! वालीसाहेबांचा अपमान आहे हा!" कोणी उचलला नाही. पडद्यामागे बायका बसल्या होत्या. तिथूनही एक पेला जमिनीवर टेकल्याचा आवाज आला, आणि तुझ्या आईचा स्वर आला, "तुझे आजोबा असते तर आज तोंड झाकून बाहेर गेले असते, पोरा."

आणि मग सुरईच्या आतून, तांब्याच्या भिंतीमागून, अगदी बारीक आवाज झाला.

टक.

हबहूबने पेला खाली ठेवला होता. आमची रीत शिकला होता तो. मीठ खाऊन, पेला हलवून निघून गेलेल्या तुझ्या बुरहानपेक्षा चांगली.

मुझनाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने ते गालावर येऊ दिलं नाही. साऱ्या दिवाणखान्यात कहवा निवत होता आणि तुझी नजर एका पेल्यावरून दुसऱ्यावर जात होती. सगळीकडे जमिनीवर भरलेले पेले, आणि मध्ये तू, ज्याच्या घरी आज कोणी प्यायला तयार नव्हतं.

"तुझ्याच तोंडाने तू म्हणालास, काम झालं," ती म्हणाली. "मी इथून हलणार नाही, पिणार नाही. माझा खलबत्ता घरी पालथा पडलाय. सुरईची मोहर तुझ्या हाताशी आहे. बोल. देतोस माझा पाहुणा, की तुझा शब्दच खोटा?"