फळ्याखाली कुणी नाही

“चार!” बाईंनी टाळी वाजवली आणि वर्गभर धावाधाव उडाली.

विभाजक शिकवायचा हा त्यांचा जुना खेळ. बाकं भिंतीला सारायची, बाई आकडा पुकारणार, मुलांनी धरलेले हात सोडून तेवढ्या जणांचे नवे गोल करायचे. कुणी उरलं नाही तर तो आकडा विभाजक. उरेल तो ‘बाकी’, त्याने फळ्याखाली बसायचं. चोवीस मुलांत चारचे गोल बरोबर व्हायचे. आता मुलं तेवीस होती. चोविसावी बाईंची स्वतःची लेक, दोन महिन्यांपूर्वी तापाने गेली. घरी आई आणि शाळेत बाई, हा नियम पोरीने कधी मोडला नव्हता.

काळजावर दगड ठेवून बाई आज कामावर आल्या होत्या. जो गोल अपुरा पडेल त्यात आपणच शिरायचं, पोरांना तिची उणीव जाणवू द्यायची नाही, असं घरूनच ठरवलं होतं.

पण कुणी ओरडलंच नाही. एरवी ही मंडळी एवढी हिशेबी, की एक कमी पडला तर शाळा डोक्यावर घ्यायची. खिडकीजवळच्या गोलात तिघंच होती. बाई तिकडे गेल्या.

“एक कमी आहे ना रे? मी येते.”

“नाही बाई, चार आहोत,” जाड भिंगांची चष्मेवाली मुलगी म्हणाली. तिचा एक हात बाजूला लांबवलेला होता, मूठ अलगद मिटलेली.

बाईंनी एकेकाचा चेहरा पाहिला. चेष्टा म्हणावी तर कुणी हसत नव्हतं.

“आठ!” त्या घाईने म्हणाल्या.

तीन गोल झाले. एकात दोघांच्या मधे तेवढीच जागा मोकळी.

“बाई, तुम्हाला यायचंय ना?” चष्मेवालीने विचारलं. “मग पाच म्हणा. तुम्हाला धरून पंचवीस होतो. कुणीच उरणार नाही.”

“पाच,” बाई कशाबशा म्हणाल्या.

उजव्या हाताला चष्मेवाली आली. डावा हात त्यांनी रिकाम्या जागेत तसाच धरला. स्वतःचीच लाज वाटली त्यांना. मग कुणीतरी त्यांच्या बोटातली अंगठी हळूच गोल फिरवली, झोपेला आलेली लेक फिरवायची तशी.

“बाई, पुढचा आकडा?” पलीकडून कुणी विचारलं.

आकडा पुकारला की हात सोडावे लागतात. घंटा झाली. शेजारचा वर्ग गलका करत बाहेर पडला. बाई गप्पच राहिल्या.