गोठ्यातलं बोलणं

घरधनी वारला त्याला आज तिसरा दिवस, आणि तेव्हापासून गायीने दुधाचा थेंब दिला नव्हता. कास फुगून दगड झाली होती. जनावरांचे डॉक्टर परगावी गेलेले, ते उद्याच येणार. तोवर दूध उतरलं नाही तर सड कायमचे जातील, असं त्यांनी फोनवर बजावलं होतं.

वासरू मेल्यापासून ती फक्त धन्याच्याच हाताला पान्हवायची. सकाळी थोरला मुलगा बसला, तर लाथ खाऊन बादलीसकट शेणात आडवा झाला. मग धन्याच्या बायकोने त्याचा सदरा अंगात चढवला आणि स्वतः बसली. गायीने सदरा हुंगला आणि तोंड फिरवलं.

बायको तिथेच टेकून राहिली. चौतीस वर्षांचा संसार, आणि आठवायला जावं तर नवऱ्याची पाठच तेवढी आठवत होती. उजाडता धार, मग शेत, दुपारनंतर खाणीवर दगड फोडायचे, परत आला की पुन्हा धार. राहत्या तीन खोल्या त्याने एकट्याने उभ्या केल्या, रविवारी एक-एक थर चढवत. कामाला वाघ, पण बोलायचं म्हटलं की पक्का कंजूष. ‘हं’, ‘बरं’ आणि ‘बघू’ एवढ्या भांडवलावर गड्याने संसार रेटला. लेकीचं लग्न ठरलं तेव्हा ‘बरं’ म्हणाला आणि कुंपण दुरुस्त करायला गेला. पहिली काही वर्षं ती भांडली, मग तिने नाद सोडला. परवा बांधावर कोसळला तोही चकार शब्द न काढता.

गोठ्याला लागूनच सुताराचं दुकान होतं, मध्ये नुसती फळ्यांची भिंत. सुतार हात पुसत दारात आला.

“वहिनी, ती बोलल्याशिवाय दूध सोडत नाही.”

“कोण बोलल्याशिवाय?”

“दादा बोलायचे ना तिच्याशी. धार काढताना, रोज.”

“हे? बोलायचे?” तीन दिवसांत तिला पहिल्यांदाच हसू आलं. “भाऊजी, तुम्ही भलत्याच कुणाचं ऐकलंत.”

“अहो, अर्धा-अर्धा तास! ‘बाई’ म्हणायचे गायीला. पोराचा फोन आला नाही, लेक वाळली, तुमचा गुडघा दुखतो, सगळं. एकदा भाजी खारट झाली होती, तर म्हणाले, हिला सांगू नकोस, मी दोनदा घेतली.”

तिचं हसू कुठल्या कुठे गेलं. “आणखी काय म्हणायचे?”

सुतार दाराची कडी चाचपत राहिला.

“सांगा ना.”

“महिनाभर एकच चाललं होतं. आज पुन्हा छातीत कळ आली, बाई. घरी सांगायचं नाही हां. कापणी होऊ दे.”

“आणि तुम्ही ऐकत बसलात?”

“माझ्याशी थोडेच बोलत होते ते, वहिनी.”

“चालते व्हा,” ती म्हणाली. तो खाली मान घालून गेला.

तिला गायीचा राग आला, सुताराचा आला, सगळ्यांत जास्त मेलेल्याचा आला. चार पावलांवर चुलीपाशी ती बसलेली असायची, आणि या माणसाने जिवाचं दुखणं जनावराला सांगावं! पण गाय कण्हत होती. तिने सडांना हात घातला आणि तोंडाला येईल ते बोलू लागली. चाऱ्याचं बोलली, पोराचं बोलली, लेकीचं बोलली. गाय ढिम्म.

शेवटी तिने आवाज खाली आणला, नवऱ्यासारखा जाड केला.

“आज पुन्हा छातीत कळ आली, बाई. घरी सांगायचं नाही हां.”

गायीचा कान हलला. कास सैलावली, आणि बादलीत धार वाजली.

ती गप्प झाली की धार अडायची. बादली भरेपर्यंत ती तेच म्हणत राहिली.