पहिल्याच शब्दाला होकार

चंद्रप्रकाश नाडकर्णी यांनी आयुष्यात कधी कुणाशी भावावरून हुज्जत घातली नव्हती. आणि या गोष्टीचा त्यांना जेवढा अभिमान होता, तेवढा विमा कंपनीतल्या आपल्या निष्कलंक नोकरीचाही नव्हता. दुकानदाराने सांगितलेला भाव पटला तर द्यावा, न पटला तर पुढचे दुकान गाठावे. माणसाला आधी खोटा ठरवायचे आणि मग त्याच्याचकडून माल घ्यायचा, ही सभ्य माणसाची रीत नव्हे, असे त्यांचे मत होते. मत म्हणण्यापेक्षा तो निकाल होता म्हणावे, कारण मुलुंड पूर्वेच्या त्या तीन खोल्यांत त्यांच्या मतांवर अपील चालत नसे. लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांत वसुधेने ते करून पाहिले होते. पण चंद्रप्रकाश वादाला बसले की मुद्दे निघत, मुद्द्यांना पोटमुद्दे फुटत, मागचे दाखले हजर होत, आणि समोरच्याने ‘बरं’ म्हटल्यावाचून ते उठत नसत. पुढे पुढे वसुधा आरंभीच ‘बरं’ म्हणू लागली. या अवस्थेला चंद्रप्रकाश घरातली शांतता म्हणत.

निवृत्तीनंतर डॉक्टरांनी चालायला सांगितले, म्हणून वैशाखातल्या एका सकाळी ते पिशवी धरायला तिच्याबरोबर बाजारात निघाले. इतकी वर्षे बाजार हे तिचे खाते होते. ती धोंडू परबाच्या दुकानाशी थांबली आणि चंद्रप्रकाश समोरच्या चष्मेवाल्याच्या सावलीत, काचेतल्या चौकटी न्याहाळत उभे राहिले. धोंडू कुडाळचा. बापाची गिरणी बंद पडल्यावर कुटुंब लालबाग सोडून इकडे आले आणि धोंडूने भाजी, नारळ, कोकम, कुळीथ अशा मालाचे दुकान मांडले. वसुधेचे माहेरही कुडाळचेच. चंद्रप्रकाशांना एवढीच माहिती होती.

“ह्यो नारळ वेंगुर्ल्याचो, वयनी. आवाज तरी आयका.”

वसुधेने नारळ कानाशी नेऊन हलवला. “ह्येच्यात पाणी? रे धोंडू, ह्येच्यापरास जास्त पाणी माझ्या घोवाच्या टकलात आसतला!”

“मगे नारळ कित्याक नेतास? तेंकाच फोडा!”

“फोडलां असतां रे. पण आत खोबरां व्हया मां!”

दुकानापुढचे गिऱ्हाईक हसले. धोंडू पोट धरून हसला. आणि वसुधा, मान मागे टाकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

“बरां, आता भाव सांग. चाळीस.”

“पन्नासाखाली माका परवडत नाय.”

“तुका खंय कधी परवडता! गणपतीपासून तुझां दुकान बुडता नि प्वाट वाढता.”

“वयनी, प्वाटावर जाव नकात हां!”

हे असे बराच वेळ चालले. ती निघून गेल्यासारखी दोन पावले गेली; धोंडूने हाक मारली; ती वळली, पण कोथिंबिरीची जुडी वर मिळेल या अटीवर. धोंडूने आईची शपथ घेतली. वसुधेने त्याची आई आपल्याला चांगली ठाऊक असल्याचे सांगून ती शपथ रद्दबातल ठरवली. शेवटी पंचेचाळिसावर तह झाला, आणि ती जिंकलेल्या सुरात म्हणाली, “अहो, पिशवी आणा.”

चंद्रप्रकाश सावलीतून पुढे झाले. त्यांचे डोके पाहताच धोंडूने जीभ चावली.

टकलाचा विनोद झोंबला का, हे त्यांनी परतीच्या वाटेवर मनाशी नीट तपासून पाहिले; झोंबला नव्हता. मालवणी त्यांना बोलता येत नसे, पण ‘घोव’ म्हणजे नवरा एवढे कळत होते, आणि विनोद वस्तुस्थितीला धरून होता. झोंबला होता तो आवाज. तो त्यांनी पूर्वी ऐकला होता. मुलीचे नाव ठेवताना वसुधा याच आवाजात त्यांच्याशी दोन दिवस भांडली होती. त्यांना ‘ऋता’ हवे होते, तिला ‘जया’. मुलीचे नाव ऋता ठेवले गेले. त्यानंतर तो आवाज कुठे गेला याची त्यांनी कधी चौकशी केली नव्हती. तो इथे येत होता. आठवड्यातून तीनदा, एका जाड्या भाजीवाल्यापुढे.

हा मत्सर होता. स्वतःशी तरी ते शब्दांत हयगय करत नसत. हीन संशय त्यांच्या मनाला शिवला नाही. शिवला असता तर एका परीने बरेच झाले असते, कारण संशय निराधार ठरवता येतो. इथे सगळे उघड्या रस्त्यावर, चारचौघांत चालले होते. धोंडूला ती ‘नाही’ म्हणत होती. पुन्हा पुन्हा, मनापासून, नाना तऱ्हांनी. आणि नवऱ्याच्या वाट्याला येत होते ते ‘बरं’.

मग ते प्रत्येक खेपेला जाऊ लागले. धोंडूच्या दुकानाकडे वळताना तिची चाल बदलते, हे त्यांनी टिपले. पदर खोचून ती उभी राहिली की दहा वर्षांनी लहान दिसते, हेही टिपले. एकदा तोंडलीवरून वाद ऐन रंगात असताना त्यांना ते असह्य झाले. त्यांनी खिशातून नोट काढली आणि तराजूशेजारी ठेवली.

“घे रे. तू म्हणतोस तेवढेच घे.”

धोंडूने मुकाट्याने नोट घेतली. मागच्या बायका पांगल्या.

“मध्ये कशाला पडलात?” वाटेत वसुधेने विचारले.

“दहा रुपयांसाठी रस्त्यावर तमाशा करायची आपल्याला गरज नाही. शिवाय त्याचाही वेळ जातो. शिवाय आज ना उद्या तो भाव आधीच चढवून सांगणार, म्हणजे हातात काय पडलं? शिवाय—”

“बरं,” वसुधा म्हणाली.

त्याच दुपारी, ती झोपलेली असताना, ते एकटे धोंडूकडे गेले. तो चहा पीत बसला होता. त्याने घाईने पेला खाली ठेवला.

“साहेब, एकटेच? वहिनी बऱ्या आहेत ना?”

“तिच्याबद्दलच बोलायचं आहे. डॉक्टरांनी तिला फार वेळ उभं राहायला मनाई केली आहे. गुडघे.” वसुधेचे गुडघे उत्तम होते. “तेव्हा यापुढे ती मागेल तो भाव तू पहिल्याच शब्दाला कबूल करायचास. वाद नको. तुझा जो तोटा होईल, तो मी भरून देईन.”

धोंडूने डोक्यावरचा चष्मा काढून सदऱ्याला पुसला. “बोलल्या नाहीत कधी.”

“असल्या गोष्टी ती बोलत नाही.”

“तोट्याचं सोडा हो साहेब. गुडघ्याचं असेल तर मी कशाला उभं ठेवू त्यांना?” त्याने चष्मा पुन्हा डोक्यावर चढवला. मग स्वतःशीच म्हणाल्यासारखे म्हणाला, “मजाच गेली की पण.”

घरी येताना चंद्रप्रकाशांना ते वाक्य पुन्हा पुन्हा आठवत होते. म्हणजे त्यालाही ते हवे होते. एवढ्या वर्षांत आपल्या हे ध्यानात आले नाही, आणि या गृहस्थाला मात्र मजा येत होती!

पुढच्या खेपेला ते मुद्दाम घरी थांबले. वसुधा नेहमीच्या निम्म्या वेळात परतली, भाजीने भरलेली पिशवी ओट्यावर ठेवून खिडकीशी जाऊन उभी राहिली.

“लवकर आलीस.”

“हो.”

त्याच्या पुढच्या वेळीही तेच. चंद्रप्रकाशांनी दोन दिवस समाधान अनुभवले. तिसऱ्या दिवशी ते वर्तमानपत्र वाचत असताना स्वयंपाकघरात ती बंगळुरूला ऋताशी फोनवर बोलत होती.

“स्टूल पुढे केलं गं त्यानं. मी म्हटलं, मेल्या, स्टूल कशाला? तर म्हणे, बसा वयनी, तुमी म्हणशात ता द्या. मी मुद्दाम निम्म्यावर आले, तरी हो. पिशवी उचलून रिक्षापर्यंत आणून दिली. काय सांगू तुला… मी म्हातारी झाले, ऋता. आणि ते त्यानं माझ्या आधी पाहिलं.”

चंद्रप्रकाशांनी पान उलटले. त्या पानावर काय होते, हे त्यांना सांगता आले नसते.

वसुधा धोंडूकडे जायची थांबली. भाजी मोबाइलवरून येऊ लागली. पारदर्शक पिशव्यांत, धुतलेली, वजनाची आणि किमतीची चिठ्ठी लावलेली. त्या चिठ्ठीशी कुणाला हुज्जत घालता येत नव्हती. चंद्रप्रकाशांच्या तत्त्वाचा इतका संपूर्ण विजय त्यांनी स्वतःही कधी मागितला नव्हता. वसुधा भाजी चिरी, फोडणी घाली, वाढी, आणि विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देई. ती रागावलेली नव्हती. ती कुणाच्या तरी वियोगात होती, आणि तो कुणीतरी एक भाजीवाला होता. आपण ऑफिसातून कायमचे घरी आलो तेव्हा हिला एवढे काही वाटले नव्हते. उद्या आपण या घरातून कायमचे गेलो, तर एवढे तरी वाटेल का? त्यांनी धोंडूला तिच्यापासून तोडला होता, आणि धोंडू दुकानातून उठून थेट त्यांच्या जेवणाच्या टेबलाशी येऊन बसला होता.

एका संध्याकाळी धोंडूचाच फोन आला. वसुधेने तो स्वयंपाकघरात घेतला.

“हां, बोल… कसलो गुडघो?… कोण म्हणालो?”

नंतर बराच वेळ ती फक्त ऐकत होती.

बाहेरच्या खोलीत चंद्रप्रकाशांनी वर्तमानपत्राची घडी केली आणि ते सरळ बसले. आता वादळ होईल. त्याची त्यांना भीती वाटली नाही; खरे सांगायचे तर त्यांनी त्याची वाटच पाहिली. उत्तराचे चार मुद्दे त्यांनी जुळवले, आणि पहिल्यांदाच मनाशी ठरवले की त्यातले तीन सोडून द्यायचे.

वसुधा बाहेर आली. तिने त्यांच्याकडे पाहिले. मग खुंटीवरची पिशवी काढून त्यांच्या हातात दिली.

“चला.”

रस्ताभर ती पुढे चालत राहिली. ‘का केलंत?’ एवढे तरी ती विचारील, म्हणून ते अर्धे पाऊल मागे राहून वाट पाहत होते. तिने विचारले नाही.

त्यांना पाहताच धोंडू उठला. “वयनी, बसा—”

“स्टूल आत ठेव आधी.” पायरीशी फणस रचले होते. तिने एकावर हात ठेवला. “केवढ्याक?”

“तुमी म्हणशात ता.”

“मी नाय म्हणूचंय. तू सांग.”

धोंडूने चोरट्या नजरेने साहेबांकडे पाहिले. “तीनशे.”

“दोनशे.”

“घेवा.”

“घेवा काय? भांड की मेल्या!”

धोंडू हसला, पण ते हसू ओठांवरच राहिले. “काय भांडू वयनी? नेवा.”

“दोनशेसुद्धा जास्त झाले. दीडशे.”

“बरां,” धोंडू म्हणाला, आणि पुन्हा साहेबांकडे पाहिले.

तो शब्द चंद्रप्रकाशांच्या चांगला ओळखीचा होता. वसुधेचा हात फणसावरून खाली आला. ती धोंडूकडे पाहत होती, धोंडू पायाशी पडलेल्या सुतळीकडे पाहत होता, आणि दोघांमध्ये, रिकामी पिशवी घेऊन, ते स्वतः उभे होते. त्यांनी तोंड उघडले. त्या चारांपैकी एकही मुद्दा बाहेर आला नाही.

“पन्नास,” ते म्हणाले.

दोघांनी वळून पाहिले.

“काय पन्नास?” वसुधेने विचारले.

“फणस. पन्नास रुपये. वर एक पैसा मिळणार नाही.” असले वाक्य त्यांनी जन्मात उच्चारले नव्हते.

“साहेब,” धोंडू चाचरत म्हणाला, “पन्नासात फक्त वास येतो फणसाचा.”

“मग वास तू ठेवून घे आणि फणस दे.”

बाजूला भेंडी निवडणारी एक बाई फिसकन हसली. धोंडूच्या तोंडाचा आ झाला. पण वसुधा हसली नाही. तिच्या कपाळावर आठी चढली.

“अहो, तुम्हाला काही कळतं का? कोकणातून गाडीत घालून आणलाय तो. भाडं किती पडतं?”

“पन्नास.”

“झाडावर चढणाऱ्याची मजुरी कोण देणार?”

“ज्याने त्याला चढायला सांगितलं तो.”

“आणि ह्या माणसाने खायचं काय? दुकानाचं भाडं तुम्ही भरणार?”

“मी पन्नास भरणार.”

“शोभतं का हे?” तिने पदर खोचला. “आयुष्यभर लोकांना सभ्यपणा शिकवलात, आणि आता… तोंडाक येयत ता बोलतास? रे देवा, पन्नासात फणस! पन्नासात ह्येचो देठ पण गावाचो नाय! लाज वाटाक व्हयी!”

ती भाषा ती त्यांच्याशी कधीच बोलली नव्हती, आणि आता आपण ती बोलतो आहोत हे तिच्या ध्यानातही नव्हते. त्यांना निम्मे शब्द कळले नाहीत.

“वयनी, जाव दे,” धोंडू मधे पडला, “दीडशेक ठरलोच होतो—”

“तू गप रव!” मागे न पाहता तिने त्याला झटकले.

फणस दीडशेला फारच स्वस्त होता, हे चंद्रप्रकाशांना दिसत होते. वसुधेचा प्रत्येक मुद्दा बिनतोड होता. कुठल्याही प्रामाणिक माणसाने एव्हाना मान्य केले असते. त्यांनी पिशवीचे बंद मुठीत घट्ट धरले.

“पन्नास,” ते म्हणाले.

वसुधेने खोल श्वास घेतला, कमरेवर हात ठेवला आणि ती एक पाऊल त्यांच्या अंगावर चालून आली. धोंडूकडे आता तिची पाठ होती.