माझा चिकट माग

मित्रांनो, मी एक पिवळा, गिळगिळीत गोळा आहे आणि मला त्याची तिळमात्र लाज वाटत नाही. लोक मला मांजराची ओकारी म्हणतात. पुस्तकात मी श्लेष्मकवक. कवक म्हणजे बुरशी, आणि मी तर बुरशीही नाही! शिकलेल्यांनी नाव ठेवलं, बाकीच्यांनी नावं ठेवली.

बुळबुळीत म्हणून नाक मुरडता? त्याच नाकात काय असतं ते आधी पाहा. भेंडी तुम्हाला चालते, तुमच्या आबांना झोपताना इसबगोल लागतो. मीच तेवढा ओंगळ.

माझा जन्म मुक्ताईनगरजवळच्या एका केळीच्या बागेत झाला. घड उतरले की केळीचे खांब तोडून ढीग लावतात. ते कुजतात आणि त्या कुजण्यावर माझं पोट भरतं. मला डोकं नाही, पाय नाहीत. तरी मी चालतो, सावकाश का होईना. जातो तिथं मागे चिकट रेघ सोडतो, म्हणजे एकदा धुंडाळलेली वाट पुन्हा तुडवायला नको.

ही बाग बेबाबाईची. बांधापलीकडची कामिनीची. दोघी गावातल्या बायांसोबत सावडीनं राबायच्या, आज हिच्या बागेत, उद्या तिच्या. एकदा पाण्याच्या पाळीवरून दोघींची जुंपली, आणि नेमका दुसऱ्या दिवशी मी बेबाबाईच्या केळीच्या बुंध्यावर, कामिनीच्या बांधाकडेच, चढून बसलो. पानं करपा रोगानं आधीच पिवळी पडलेली. मला करणीची हळद समजून बेबाबाईचं डोकंच फिरलं.

"माय वो, हयद ठुली! कामिनीनं करनी केली," असं ती गावातल्या नळावर चारचौघींत बोलून आली. झालं! कामिनीकडे सावडीला निघालेल्या बाया वाटेतूनच परतल्या. करणीवाली म्हटल्यावर तिच्या दारात कोण येणार?

बेबाबाईचा नवरा उखर्डू चुन्याची पाटी घेऊन मला मारायला आला. तेवढ्यात कामिनी तरातरा आली आणि आडवी उभी राहिली.

"थांबा, उखर्डूभाऊ. हे मेलं त मी जन्मभर करनीवालीच राहीन."

तिनं मला सरळ चिमटीत धरलं. मला राग आला, पण बाई आवडली.

"बेबाअक्का, हयदीचा वास येते का याले?" तिनं बोटं पुढे केली. बेबाबाई मागे सरली.

"मंग कुठून आलं हे?" ती म्हणाली.

कामिनी खाली बसली. बुंध्यामागे वाळक्या पाल्यावर माझी रेघ चमकत होती. गोगलगायीची असते ना, तशीच. तुम्हाला जिची किळस येते, तीच. कामिनी रेघेवर बोट ठेवत निघाली. रेघ तिच्या बांधाकडे वळलीच नाही. ती पाल्यावरून, पडलेल्या खांबावरून सरळ बेबाबाईच्याच ढिगापाशी गेली. उखर्डूनं वरचा खांब उलटा केला. खाली माझं पिवळं जाळं पसरलेलं होतं.

"हे त आपल्याच ढिगातलं," उखर्डू म्हणाला आणि त्यानं चुन्याची पाटी खाली ठेवली.

बेबाबाईनं पदर तोंडाला लावला. पदराआडूनच म्हणाली, "कामिनी, पुन्हा घड काढाले येशील ना?"

"येईन. पहिले नयावर जा. जिठी बोलली, तिठीच सांग."

बेबाबाई नळावर गेली. मान खाली घालून गेली, पण गेली आणि त्याच बायांसमोर म्हणाली, "मी खोटं बोलली." दुसऱ्या दिवशी कामिनीकडे सावडीच्या बाया आल्या, आणि बेबाबाई सगळ्यांच्या आधी आली.

आता मी वाळतोय. कुणी काठी मारली तर माझी भुकटी उडेल आणि जिथं ओल मिळेल तिथं मी पुन्हा उगवेन, तुम्हाला आवडो न आवडो. मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही, माझं मी पाहून घेईन. पण एखाद्या बाईकडे बोट दाखवण्याआधी ते बोट मागावर ठेवून पाहा. माग चिकट असला म्हणून काय झालं, बोट धुऊन टाकता येतं. नळावर बोललेलं धुता धुता मात्र बेबाबाईची मान खाली गेली.